हिल्मा कांगासचं काम

ग्रॅनाइट हार्बर, मिशिगन
२ एप्रिल १९९४

प्रिय ओन्नी,

डेट्रॉइटजवळ टपालाची होडी तुमच्या जहाजाला लागून हे पत्र बादलीतून वर चढेल, तेव्हा तुझे हात बहुतेक कणकेने भरलेले असतील. ते धू, आणि बसून वाच. कुणी गेलेलं नाही. तुझा मेहुणा आर्ने धडधाकट आहे आणि इथे अजून गुडघाभर बर्फ आहे, म्हणजे त्याचा बर्फ उपसायचा ट्रक आणि तो दोघंही मजेत आहेत.

हिवाळ्यात तुमचं जहाज बंद असताना दोन महिने तू इथेच होतास. रोज माझ्या स्वयंपाकघरात बसून कॉफी ढोसत होतास, आणि मी तुला सांगितलं नाही. धीरच झाला नाही. पत्रात तुझ्या भुवया दिसत नाहीत, म्हणून आता लिहिते.

मी शिकायला चाललेय. सत्तेचाळिसाव्या वर्षी. मिनियापोलिसला, ऑगस्टपासून, अठ्ठावीस महिने. भूल द्यायचं शिक्षण.

बावीस वर्षं मी नर्स आहे, त्यातली नऊ अतिदक्षता विभागात काढली. आपल्या इस्पितळात भूल देणारा एकटा डॉब्स. तोही मुळात नर्सच, पण हे वरचं शिक्षण घेतलेला. तीन वर्षांनी तो निवृत्त होतोय. त्याच्या जागेची जाहिरात कधीपासून चालू आहे. फेब्रुवारीत एक जण मुलाखतीला आला, त्याने गाडीची काच खाली करून बर्फाकडे पाहिलं, काच वर केली आणि परत गेला. डॉब्स गेला की आपल्याकडची ऑपरेशनं बंद, बाळंतपणंही बंद. पोट दुखलं की नव्वद मैल जायचं.

मुलाखतीत एक बाई म्हणाल्या, "तुम्ही शिकून बाहेर पडाल तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या असाल." मी म्हटलं, "बरंच आहे की. टेबलावर आडव्या पडलेल्या माणसाला उशाशी आई उभी असल्यासारखं वाटेल." त्या हसल्या. मग मला घेतलं.

आर्नेला सांगितलं तेव्हा तो उठून बाहेर गेला. आमच्या अंगणातला बर्फ काढला, शेजाऱ्यांच्या अंगणातला काढला, चर्चच्या अंगणातलाही काढला. मग आत येऊन म्हणाला, "अठ्ठावीस महिने मी खायचं काय?" म्हणजे त्याची परवानगी आहे.

आता तुझं काय म्हणणं आहे ते लिही. गुळमुळीत लिहू नकोस.

तुझी तायमी

*

जहाज 'एडविन टॅलबॉट', लेक ह्युरॉन
२१ एप्रिल १९९४

तायमी,

गुळमुळीत नको म्हणालीस, तर ऐक.

जगात इतकी कामं पडली आहेत. शाळा काढ, बेकरी काढ, म्हातारपणी अ‍ॅकॉर्डियन शीक. आणि तुला हवं काय, तर हिल्मा कांगासचं काम?

बाबा मोडका पाय घेऊन इस्पितळात गेले होते. पाय, तायमी! खाणीच्या ट्रकमधून उतरवताना मला म्हणाले, "कोंबड्यांना दाणे घाल, संध्याकाळी येतो." एकोणचाळीस वर्षांचा, ओंडक्यासारखा माणूस. दुपारी आम्हाला आत बोलावलं तेव्हा ते गेलेले होते. त्यांच्या नाकावर तो भुलीचा मुखवटा धरणारी हिल्मा कांगास होती. दुसऱ्या रविवारी आईने चर्चच्या पायरीवर सगळ्यांदेखत तिला खुनी म्हटलं, आणि तिने उलट एक शब्द काढला नाही. ज्याची चूक नसते तो माणूस गप्प बसतो का? महिन्याभरात गाव सोडून गेली.

तू अकरा वर्षांची होतीस. तुला मावशीकडे पाठवलं होतं, त्यामुळे तुला काही आठवायचं कारण नाही. मी पंधराचा होतो. मी पाहिलंय.

जायचं तर जा. आजवर तू माझं कधी ऐकलंयस? पण त्या मुखवट्यांबद्दल आणि सुयांबद्दल मला एक अक्षर लिहायचं नाही. हवापाण्याबद्दल लिही.

आर्नेसाठी बटाट्याच्या रश्शाची कृती मागे लिहिली आहे. चित्रंही काढली आहेत.

ओन्नी

*

मिनियापोलिस
२५ सप्टेंबर १९९४

प्रिय ओन्नी,

हवा छान आहे. पाणीही छान आहे.

झालं हवापाणी. आता तू हे पत्र फाड किंवा वाच, मी लिहिणार.

वर्गात आम्ही अठरा जण. माझ्या खालोखाल जी वयाने मोठी आहे ती एकतीस वर्षांची. पहिल्या दिवशी मी जरा लवकर जाऊन बसले, तर येणारा प्रत्येक जण मला "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणून मागच्या बाकाकडे पळत होता. एकाने तर प्रवेशाचा कागद सही करायला माझ्यापुढे ठेवला. मी सही करून टाकली.

आमच्या खऱ्या बाई म्हणजे मिसेस ओडेगार्ड. साठीच्या, काटकुळ्या, घोड्यासारखं चालतात. पहिल्या परीक्षेत मला एकसष्ट पडले. ऐंशी लागतात. मी मोटारीत बसून पोटभर रडले. कुणीतरी काचेवर टकटक केलं, बघते तर ओडेगार्डबाई. म्हणाल्या, "रडणं संपलं की माझ्या खोलीत या. रसायनशास्त्र रडून येत नाही, मी करून पाहिलंय." आता दर मंगळवारी मी त्यांच्याकडे जाते. त्या सफरचंद खातात आणि मी घाम गाळते.

आर्ने रविवारी फोन करतो. बटाट्याचा रस्सा त्याने सलग सतरा दिवस केला. अठराव्या दिवशी कुत्र्यानेही तोंड फिरवलं म्हणे.

आणि एक. मला काही आठवायचं कारण नाही असं तू लिहिलंस. मी विसरलेले नाही, ओन्नी. मला कधी कुणी सांगितलंच नाही. मावशीकडून परत आले तर घरात बाबांची खुर्ची नव्हती, आणि तू व आई त्यावर बोलत नव्हतात. छत्तीस वर्षं मी त्या न बोलण्याच्या भोवतीने फिरतेय. भुलीच्या शिक्षणाकडे मी डॉब्समुळेच वळले असं मी सगळ्यांना सांगते. ते खोटं नाही, पण ते सगळं खरंही नाही.

तायमी

*

'एडविन टॅलबॉट', डुलुथ बंदर
१२ नोव्हेंबर १९९४

तायमे,

एकसष्ट? आपल्या घराण्याची अब्रू घालवलीस. मला शाळेत चौसष्ट पडायचे.

तुझं पत्र मी फाडणार होतो, पण ग्लेनने आधीच मोठ्याने वाचायला घेतलं होतं. ग्लेन म्हणजे माझ्या हाताखालचा आचारी, त्याला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि दुसऱ्यांच्या पत्रांशिवाय करमत नाही. आता जेवायला आलेला प्रत्येक खलाशी आधी विचारतो, "बहिणीला किती पडले?" मग सूप मागतो. तेव्हा पुढचे आकडे कळव. मला नाही, त्यांना हवेत.

मी बरा आहे. सगळे म्हणतात बारीक झालोय. हल्ली बेकन, सॉसेज बंद केलंय, सकाळ-संध्याकाळ ओटची खीर. वयाचा मान ठेवायला नको का?

त्या खुर्चीचं मला माहीत नव्हतं. म्हणजे ती जाळली हे माहीत होतं, मीच जाळली. तुला ती दिसली नसेल याचा कधी विचारच केला नाही.

ओन्नी

*

मिनियापोलिस
११ मे १९९५

ओन्नी,

परीक्षेत ब्याण्णव पडले, खलाशांना सांग. बाकीचं फक्त तुझ्यासाठी आहे. ग्लेनला बाहेर काढ.

आज वर्गात ओडेगार्डबाईंनी एक आजार शिकवला. दुर्मीळ आहे. भुलीचा ताप म्हण. ठणठणीत माणूस असतो, त्याला भुलीची काही ठरावीक औषधं दिली की त्याचे स्नायू आतून पेट घेतल्यासारखे होतात. आधी जबडा आवळतो. मग सगळं अंग लाकूड होतं. मग ताप, इतका की हात लावला तर चटका बसावा. पूर्वी यातून जवळजवळ कुणी वाचायचं नाही. देणाऱ्याची काही चूक नसते. तो दोष रक्तात असतो, आईबापाकडून मुलांत उतरतो.

वहीत मी "लाकूड" लिहिलं आणि पुढे लिहिताच येईना.

आई एकदाच बोलली होती, शेवटच्या आजारपणात. "त्यांना भाजून काढलं," म्हणाली. मला वाटलं, तापात बडबडतेय.

तू पाहिलंस ते मला लिही. ते गार होते की गरम? अंग सैल होतं की ताठ? एवढंच. आणि मी सांगेपर्यंत कुणालाही तुला भूल देऊ देऊ नकोस. दात काढायलासुद्धा नाही. शपथ आहे.

तायमी

*

'एडविन टॅलबॉट', सू सेंट मेरीचा कालवा
२७ मे १९९५

तायमी,

गरम. ताठ.

हे दोन शब्द लिहून मी डेकवर गेलो होतो. आता परत आलोय.

मी त्यांचा हात धरायला गेलो तर चटका बसला. सौनाच्या, त्या वाफेच्या न्हाणीच्या, तापल्या दगडांवरून हात काढल्यासारखा मी तो मागे घेतला. मेलेला माणूस गार असतो हे मला माहीत होतं, आजोबा गेले तेव्हा मी त्यांना हात लावला होता. म्हणून मला वाटलं, बाबा जिवंतच आहेत, हे लोक खोटं बोलताहेत. मी ओरडलो. बोटं सरळ करायला गेलो तर होईनात. जबडा असा मिटलेला की दात दिसत होते. खाली जमीन सगळी ओली होती, का ते कळलं नाही. हिल्मा कांगास कोपऱ्यात उभी होती, हात लाल झालेले. मला वाटलं, हिनेच काहीतरी केलं.

आणखी एक सांगायचंय. ओरडू नकोस. ११ जुलैला टोलेडोत माझं ऑपरेशन ठरलंय. पित्ताशयात खडे झालेत, गेल्या उन्हाळ्यापासून आहेत. तुला परीक्षेच्या धांदलीत कशाला, म्हणून सांगितलं नाही. खरं सांगू? मला भुलीची इतकी भीती वाटते की वर्षभर खीर खाऊन दिवस काढले. शेवटी दुखणं भीतीपेक्षा मोठं झालं.

आता काय करू?

ओन्नी

*

मिनियापोलिस
१० जून १९९५

ओन्नी,

वयाचा मान! ओटची खीर! जहाजाच्या कंपनीला फोन करून तुझ्या कप्तानाला रेडिओवरून निरोप देण्याची वेळ माझ्यावर आणलीस. "आचाऱ्याला म्हणावं, तुझ्या बहिणीने ऑपरेशन रद्द केलंय, आणि ती भयंकर चिडलीय." तो निरोप लेक एरीवरच्या प्रत्येक जहाजाने ऐकला म्हणे. बरं झालं.

आता नीट ऐक. घाबरायचं काही नाही. ऑपरेशन करायचंच आहे, फक्त इथे. जी औषधं आपल्या घराण्याला चालत नाहीत ती वगळून भूल देता येते, दुसरी औषधं आहेत. ताप आलाच तर त्यावर उतारा आहे, तो टेबलाशेजारी तयार ठेवतात. आधी मांडीतून स्नायूचा बारीकसा तुकडा काढून तपासतील. तू एकटाच रडू नयेस म्हणून मीही माझा देणार आहे.

आता आर्नेची कामगिरी. इस्पितळाच्या तळघरात जुनी कागदपत्रं आहेत. मुलगी म्हणून मी अर्ज केला, त्यांनी होकार दिला, पण शोधायला माणूस नाही म्हणाले. आर्ने म्हणाला, "मी उपसण्यात तरबेज आहे." चार शनिवार तो खोकी उपसत होता. काल त्याने फोनवर मला तो कागद वाचून दाखवला. ऑगस्ट १९५८. हिल्मा कांगासच्या हातचा. तसाच उतरवते.

"१०.४० जबडा उघडत नाही. १०.५५ नाडी १६०. ११.०० डॉक्टरांना थांबा म्हटलं. थांबले नाहीत. ११.०५ मी भूल बंद केली. ११.१० ताप एकशे चार. ११.२० मासळीच्या गोदामातून बर्फ मागवला. सगळं अंग बर्फात. ११.५० एकशे सात. खिडक्या उघडल्या. १२.०५ एकशे आठ. कारण समजत नाही. १२.३० नाडी लागत नाही. डॉक्टर निघून गेले. १.१५ पर्यंत श्वास देत राहिले. मिस्टर पेल्टोनेन यांना दोन मुलं आहेत."

शेवटचं वाक्य अशा कागदावर कुणी लिहीत नाही. आर्ने तिथे थांबला आणि फोन ठेवतो म्हणाला.

म्हणून जमीन ओली होती, ओन्नी. तिचे हात बर्फाने लाल झाले होते. आणि जगात कुणालाच तेव्हा हा आजार माहीत नव्हता. डॉक्टरांच्या मासिकात त्याबद्दल पहिल्यांदा छापून आलं ते दोन वर्षांनी.

लवकर ये.

तायमी

*

ग्रॅनाइट हार्बर
३ सप्टेंबर १९९५

तायमे,

घरी सुखरूप पोचलो. आर्ने मला काचेचं भांडं आणल्यासारखा जपून आणत होता, ताशी तीस मैल. वाटेत ट्रॅक्टरने आम्हाला मागे टाकलं.

ऑपरेशनच्या दिवशी तू तिथेच होतीस, तेव्हा तुला काय सांगायचं? पण माझ्या बाजूने ते कसं दिसलं हे तुला माहीत नाही.

तपासणीत माझ्यात दोष निघाला आणि तुझ्यात नाही, तेव्हाच मी म्हटलं होतं, बाबांचं नाक मला, डोकं तुला, आणि हेही मलाच. त्या सकाळी मी चाकांच्या खाटेच्या दोन्ही दांड्या घट्ट धरून पडलो होतो. तू म्हणालीस, नियमाप्रमाणे मी तुला भूल देऊ शकत नाही, पण उशाशी उभी राहीन. मग तुझ्या त्या ओडेगार्डबाई आल्या आणि मला विचारलं, "मिस्टर पेल्टोनेन, वेलचीचा पाव कसा करतात?" मला वाटलं, ही बाई ठार वेडी आहे. मी सांगायला लागलो. दूध कोमट करायचं, यीस्ट टाकायचं, वेलची ताजी कुटायची, पूड वापरायची नाही. "किती वेळ मळायचं?" मी म्हटलं, कणीक जिवंत वाटेपर्यंत. वर पाहिलं तर तुझा चेहरा उलटा दिसत होता, हनुवटी वर, कपाळ खाली, अगदी भोपळ्यासारखा. मला हसू आलं. हसताना झोपलो.

बावन्न वर्षांत मी इतका स्वस्थ कधी झोपलो नव्हतो. उठल्यावर पहिलं काय बोललो ते तू सगळ्यांना सांगत सुटलीयस म्हणे. "तीनदा फुगू द्यायची." मग? तीनदाच फुगू द्यायची असते.

आता हसण्याचं संपलं. एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. आईने चर्चपुढे तमाशा केला त्याच संध्याकाळी मी हिल्मा कांगासच्या खिडकीवर दगड मारला. समोरची मोठी काच. ती आत टेबलाशी बसलेली होती. तिने मान वर केली, आणि मी पळालो. नंतर ती गाव सोडून गेली तेव्हा मला वाटलं होतं, मी जिंकलो.

ती जिवंत आहे का गं?

ओन्नी

*

मिनियापोलिस
२० सप्टेंबर १९९५

ओन्नी,

जिवंत आहे. चौऱ्याऐंशी वर्षांची. विस्कॉन्सिनमध्ये अ‍ॅशलँडला एका लहानशा घरात एकटी राहते. भूल द्यायचं काम तिने पुन्हा कधी केलं नाही. सव्वीस वर्षं एका वृद्धाश्रमाच्या धोबीखान्यात चादरी धुतल्या. चर्चच्या जुन्या पाद्र्यांकडून कळलं.

मला परीक्षेमुळे हलता येत नाही, आणि खरं तर हे माझं कामही नाही. तू जहाजावर परत जाण्याआधी जा. त्या कागदाची नक्कल आणि आजाराची माहिती सोबत पाठवतेय. पाव घेऊन जा.

तायमी

*

ग्रॅनाइट हार्बर
८ ऑक्टोबर १९९५

तायमी,

जाऊन आलो. सगळं क्रमाने सांगतो, नाहीतर मला जमणार नाही.

दार तिनेच उघडलं. इवलीशी बाई, पण पाठ अशी ताठ की दाराची चौकट वाकडी वाटावी. आर्ने ट्रकमध्येच बसला, पळपुटा. मी म्हटलं, "मी ओन्नी पेल्टोनेन. ग्रॅनाइट हार्बरचा. एइनोचा मुलगा."

तिने माझ्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाली, "जोडे काढून या. फरशी आत्ताच पुसलीय."

बसलो. पाव टेबलावर ठेवला. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, त्यातलं काही आठवेना. तुझे कागद तिच्यापुढे सरकवले. "माझी बहीण भूल द्यायचं शिकते आहे. तिने शोधून काढलं. तुमची चूक नव्हती, मिस कांगास. तो आजार होता. माझ्यातही आहे."

तिने चष्मा लावला आणि वाचायला घेतलं. एका जागी बोट ठेवून ती थांबली, पुढे गेली, परत मागे आली. मला वाटलं आता रडेल. तिने काय विचारलं, माहीत आहे? "ईथरनेही होतो?"

"हो."

"आणि स्नायू सैल करायला देतात त्या सुईनेही?"

"तायमी म्हणते, हो."

"दोन्ही दिलं होतं मी." मग म्हणाली, "म्हणून जबडा. सुई दिल्यावर जबडा सैल व्हायला हवा, तो आवळला. सदतीस वर्षं मी त्या जबड्याचाच विचार करतेय." आणि लगेच, "उतारा निघाला का?"

"निघाला. १९७९ साली."

"बर्फ?"

"बर्फ आजही लावतात, मिस कांगास. तो बरोबरच होता. तायमी म्हणते, त्या दिवशी तुम्ही जे केलं त्यापेक्षा जास्त जगात कुणीच करू शकलं नसतं."

तेव्हा तिने चष्मा काढला. रडली नाही. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसली, जसं काही कुणीतरी ते आत्ताच परत आणून दिलेत. मी रडलो. चांगला मोठ्याने. आर्ने बाहेरून धावत आला, त्याला वाटलं टाके उसवले.

मग मी दगडाचं सांगितलं. ती म्हणाली, "तू होतास तो? मला इतकी वर्षं वाटत होतं, तुझी आई." मी म्हटलं, "आईचा नेम इतका चांगला नव्हता." यावर ती हसली, तायमी! अशी हसली की तिला खोकला लागला, आर्नेने पाणी आणलं, आणि तिने त्यालाही जोडे काढायला लावले.

चार तास बसलो. अर्धा पाव तिने एकटीने संपवला, वर म्हणाली वेलची कमी आहे. निघताना विचारलं, "उलट का नाही बोललात? चर्चपुढे?"

म्हणाली, "काय बोलणार होते? मला कारण माहीत नव्हतं. तुझ्या आईला निदान एक उत्तर तरी मिळालं होतं. ते काढून घेऊन तिला देण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं."

तुझा पत्ता मागून घेतलाय. सावध राहा.

ओन्नी

*

अ‍ॅशलँड, विस्कॉन्सिन
३० ऑक्टोबर १९९५

प्रिय मिसेस लाइने,

तुमचा भाऊ भला माणूस आहे, पण आजाराबद्दल त्याला नीट सांगता येत नाही. तेव्हा माझे प्रश्न थेट विचारते. एक, ताप चढण्याआधी हल्ली तुम्हाला कशावरून कळतं? दोन, तो उतारा किती द्यायचा असतो? तीन, मुलांमध्येही असंच दिसतं का? सविस्तर लिहा. मला वेळ आहे.

तुम्ही कामाला लागाल तेव्हासाठी एक गोष्ट सांगते. यंत्रं पुष्कळ आली असतील. तरी एक बोट पेशंटच्या कानाच्या पुढे, नाडीवर ठेवत जा. यंत्राला कळेल त्याआधी तुम्हाला कळेल. आणि त्यालाही कळत असतं, झोपेतसुद्धा. याला पुरावा नाही.

काल मी शेजारणीला सांगितलं की मी पूर्वी काय काम करायचे. तिला वाटत होतं मी धोबीण आहे. मी तिला सांगितलं की मी ते काम फार चांगलं करायचे.

आपली,
हिल्मा कांगास, नर्स

*

ग्रॅनाइट हार्बर
९ एप्रिल १९९७

प्रिय ओन्नी,

तुमची बोट सुटून दोनच आठवडे झाले आणि तू नेमकं तेच चुकवलंस. ग्लेनला बोलाव, मोठ्याने वाच. सगळ्यांना ऐकू दे.

काल माझा पहिला दिवस होता. डॉब्स जूनपर्यंत आहे, पण तो म्हणाला, "मी बाहेर खुर्चीवर पेपर वाचतोय. हाक मारलीस तरच येईन." सकाळी सव्वादहाला पहिली पेशंट. पोस्टात काम करते ती मार्लिस, बाळ आडवं होतं, पोट चिरूनच काढायचं होतं. कमरेत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करायचा, ती जागी राहणार. माझ्या हातात सुई, समोर तिची पाठ, आणि ती मान न वळवता विचारते, "तायमी, तू आजवर हे किती जणींना केलंयस?"

शिकताना शेकडो केली आहेत. पण तिथे नेहमी मागे कुणीतरी उभं असायचं. आणि तिला मी शाळेपासून ओळखते. मी म्हटलं, "एकटीने? तू पहिली."

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे ओढून नीट केले. मग मार्लिस म्हणाली, "माझंही पहिलंच आहे. चल, करून टाकू."

सुई पहिल्या झटक्यात गेली. मी तिच्या उशाशी बसले, कानापुढे बोट ठेवून. ती मला पोस्टातल्या भानगडी सांगत होती, कोण कुणाला किती पत्रं लिहितं ते. आपलं नाव सगळ्यात वर आहे म्हणे. मध्येच म्हणाली, "कुणीतरी माझ्या पोटात भांडी घासतंय." तेवढ्यात पडद्यापलीकडून आवाज आला. ओन्नी, काय आवाज! तुमच्या जहाजाचा भोंगा बरा. मुलगी, साडेआठ पौंड, संतापलेली. डॉब्स हाक न मारताच पेपरसकट आत आला.

मी तिला मार्लिसच्या गालाशी धरलं, आणि ती चिमुरडी गप्प होऊन बघायला लागली. आईकडे नाही. माझ्याकडे, उलट्या चेहऱ्याने लोंबणाऱ्या या पन्नाशीच्या बाईकडे. मार्लिस रडत होती, डॉक्टरीणबाई टाके घालत गुणगुणत होत्या. मी यंत्राकडे पाहिलं. सगळं ठीक होतं. मग एकदा स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवली. नाडी एकशे अठरा!

दुपारी दोनला दुसरा पेशंट होता, अपेंडिक्स. उद्या तीन आहेत.

तुझी तायमी